पाय टेकला की बाद

डोळे मिटा आणि आधी वास घ्या. पंक्चरच्या सोल्यूशनचा डोक्यात जाणारा वास, तेलाने काळ्या झालेल्या चिंध्यांचा वास, शेजारच्या कढईतल्या भज्यांचा, आणि सकाळच्या सरीने भिजलेल्या गुलालाचा. आता डोळे उघडा. १९७८च्या आसपासचा भाद्रपद आहे, गणपती बसलेत, आणि तुम्ही जुन्या नाशकात भद्रकालीजवळच्या एका बोळात उभे आहात. वय बारा. तांबट आळीकडून ठण्‌-ठण्‌ आवाज येतोय, थांबायचं नाव नाही. मागून हातगाडीवाला ओरडतो, "सरका, सरका!" सरका, नाहीतर चाक पायावरून जाईल.

समोर भाड्याच्या सायकलींचं दुकान आहे. आठ-दहा सायकली एकमेकींना टेकून उभ्या, प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. सोनिपतची ॲटलास, लुधियानाची हिरो, मद्रासची हर्क्युलिस. सगळ्या काळ्या, सगळ्या जड. दांडीला हात लावा, उन्हाने तापलीय.

"मामा, संध्याकाळी मंडळाची स्लो सायकल आहे. कुठली देता?"

मामा पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधतायत, वर बघत नाहीत. "अकरा नंबर घे बाळा. बावीसची आहे, पाय पुरतील तुझे." बावीस म्हणजे फ्रेमची उंची, २२ इंच. मोठ्या माणसांची २४ इंची. चाकं मात्र दोन्हीची २८चीच. चोवीसवर तुम्ही दांडीखालून पाय घालून हाफ पायडलच मारणार, आणि तसं तिरकं लटकून तोल सांभाळायचा म्हणजे अवघड काम.

मामा अकरा नंबर पुढे ओढतात. आता नीट बघा, कारण खरी शर्यत इथेच होते. पान्याने ते हँडलखालची वाटी अर्धा आटा सैल करतात आणि हँडल दोन्हीकडे वळवून बघतात. आतले छर्रे खरखरले, की ग्रीस. मग दोन्ही टायरांतली थोडी हवा सोडतात. फुस्स. मऊ टायर जमिनीला जास्त धरतं. मग मागचं चाक उचलून पायडल उलटं फिरवतात आणि कान लावून ऐकतात: फ्रीव्हीलचे कुत्रे, म्हणजे आतले खटके, टक्‌-टक्‌-टक्‌ बोलतात. "एक आळशी आहे," मामा म्हणतात, आणि तेलाच्या कुपीचं नाक आत घालतात. कुत्र्याने उशिरा पकडलं, की पायडल क्षणभर पोकळ जातं. रस्त्यावर ते कळतही नाही. स्लो सायकलमध्ये त्याच पोकळ क्षणात तुम्ही पडता.

वहीत नाव, बापाचं नाव, गल्ली, सुटल्याची वेळ. निघा.

पटांगणात फक्कीच्या रेघा मारल्यात. कर्णा किंचाळतो, गप्प होतो, पुन्हा किंचाळतो. ओट्यांवर बायका, गच्चीवर पोरं, भोवती घामाने चिकटलेली गर्दी. नियम तुम्हाला पाठ आहेत: शेवटी पोचेल तो पहिला. रेघ ओलांडली की बाद, पाय टेकला की बाद.

शिट्टी.

पहिल्या दोन हातांतच कळतं की ही सायकल थांबायला केलेलीच नाही. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागे १८. पायडलचा एक फेरा मारला तर तुम्ही साडेपाच मीटर पुढे, म्हणजे शर्यत संपल्यातच जमा. तेव्हा फेरा नाही, पायडलची नुसती चाळवाचाळव. त्यात पुढच्या चाकाचा चिमटा पुढे झुकलेला आणि दोन चाकांत अंतर भरपूर. धोंड्यांच्या रस्त्यावर हीच सायकल बैलगाडीसारखी निवांत चालते, दुधाच्या चार चरव्या पेलते. पण वेग मेला, की हँडल आपसूक एका अंगाला पडायला बघतं. शेजारचा पोरगा तिथेच गेला. धप्प! गर्दी हसते. तुम्ही हसू नका, दात आवळा. हँडल जरा डावीकडे, ब्रेक अर्धा दाबलेला, पुढचं पायडल सपाट. लोखंडी सळयांचा ब्रेक रिंगेला आतून कुरकुरत धरतो. घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो. पुसता येत नाही.

आणि मग ती थांबते. चाकं, गर्दी, कर्णा, सगळंच. तीन आकडे मोजेपर्यंत अकरा नंबर तुमच्याखाली उभी आहे.

मला हा क्षण फार प्रिय आहे, म्हणून तुम्हाला इतक्या लांब आणलं. कारण त्याच वर्षांत तिकडे स्पेनच्या कातालोनियात पोरं मोटारसायकलींच्या ट्रायल शर्यती बघून सायकलवरून, अशीच पाय न टेकता, दगडांवर चढायला लागली होती. बिनइंजिनाची ट्रायल. मोन्तेसा या मोटारसायकल कंपनीने पुढे अशा पोरांसाठी सायकलीही काढल्या. तिथून फ्रेम बदलत गेली ती पार ओळख मोडेपर्यंत.

तुम्ही दुसरे आलात. सायकल परत द्यायला जाताना मामांना त्या पुढच्या सायकली सांगायचा मोह होतो. सांगा.

"मामा, अशी सायकल येणारे जिला खोगीरच नाही."

"मग बसायचं कुठं?"

"बसायचंच नाही. दांडी पार खाली, म्हणजे गुडघे मोकळे. चाक २० इंची नाहीतर २६. पायडलच्या एका फेऱ्यात जेमतेम अडीच मीटर."

मामांचा हात थांबतो. अडीच मीटर त्यांना लगेच कळलं. "आणि कुत्रे?"

"फ्रीव्हील मागे नाही, पुढे पायडलपाशी. फेऱ्यात बहात्तर ठिकाणी पकडतं, काही तर एकशेआठ."

"म्हणजे पोकळ जायचंच नाही," मामा हळूच म्हणतात. "ब्रेक?"

"रिंगेला ग्राइंडर मारून खरबरीत करतात. चाक जागीच गोठतं. मग त्यावर उड्या मारत पायऱ्या चढायच्या, पाय न टेकता."

मामा बोळाच्या टोकाकडे बघतात, जिथून उतार गोदाघाटाकडे जातो. घाटाच्या पायऱ्या इथून दिसत नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांवरून कळतं, ते त्या मोजतायत.

मग अकरा नंबर उलटी करून ते पुढच्या चिमट्याला डोळा लावतात, अंगठ्याने रिंग फिरवतात, आणि पान्याने सकाळची सैल केलेली वाटी अर्धा आटा पुन्हा आवळतात. पाठीमागे एक बारकं पोरगं मुठीत नाणी घट्ट धरून उभं आहे. त्याला हीच हवीय.