मोहीम जिंकली, मुलूख राखला का?

आजचा विषय वजनाचा आणि जेवणाचा आहे, पण आपल्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आपण त्याच्याकडे इतिहासाच्या वाटेनं जाणार आहोत.

फौजेत दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. तिची तारीख लागली की मेसमधले काही चेहरे रात्रीच्या जेवणाला दिसेनासे होत. महिनाभर काकडी आणि उकडलेली अंडी. काटा हवा तिथे थांबे, 'फिट' असा शेरा मिळे आणि त्याच संध्याकाळी बिर्याणी मागवली जाई. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ही माणसं आळशी नव्हती, पहाटे उठून पळणारी होती. मग उतरलेलं वजन परत का येई? मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याला याचं उत्तर चटकन कळेल. स्वारी करून मुलूख जिंकणं वेगळं आणि तिथे ठाणं बसवून तो राखणं वेगळं. डाएट ही स्वारी आहे. मुलूख राखते ती सवय.

ही स्वारी काही आजची नाही. 1863 मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थांनी आपण वजन कसं उतरवलं याची एक छोटी पुस्तिका काढली. पाव, साखर, बटाटा, बिअर बंद. ती इतकी खपली की इंग्रजीत डाएट करण्याला 'बँटिंग' हाच शब्द पडला. तेव्हापासून दर काही वर्षांनी नवी पुस्तिका आणि नवा गुरू येतो.

पण शरीर या स्वारीला काय उत्तर देतं, ते कळलं दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानं उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे शिकण्यासाठी. त्या तरुणांचं वजन जवळपास चौथ्या हिश्श्यानं घटलं. त्यांच्या बोलण्यात, स्वप्नात, वाचनात फक्त अन्न उरलं. प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी भूक शमेना. अनेकांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली. म्हणजे डाएट सुटल्यावर जो हावरटपणा येतो, तो सगळाच मनाचा दुबळेपणा नसतो. उपासमार झाली असं समजून शरीर रसद साठवायला लागतं.

आता सवयीकडे येऊ. तिची ताकद दाखवणारी एक गोष्ट आपल्या मराठा पलटणींच्या इतिहासात आहे.

डिसेंबर 1915. आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे जनरल टाउनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, म्हणजे आपल्या देश-कोकणातली पोरं. वेढा 29 एप्रिल 1916 पर्यंत, जवळपास पाच महिने चालला. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळत होता, हिंदी शिपायांना कोंड्यासकट आटा. गोऱ्यांमध्ये बेरीबेरी दिसू लागली. या रोगात पाय सुजतात, बधिर होतात, हृदय थकतं. आटा खाणाऱ्यांमध्ये ती जवळपास नव्हती. पुढे मैदा संपला, गोऱ्यांनाही आटा खावा लागला आणि त्यांची बेरीबेरी ओसरली. धान्याच्या कोंड्यात ब-1 जीवनसत्त्व असतं. ते नाव त्या शिपायांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाचवलं ते घरच्या सवयीनं.

पण अर्धी गोष्ट सांगून थांबणं बरोबर नाही. भाजीपाला संपल्यावर गोऱ्यांनी घोड्याचं मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी धर्म आणि रिवाज म्हणून ते नाकारलं. त्यांच्यात स्कर्व्ही पसरला, हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली आणि शेवटच्या आठवड्यांत बरेच जण ते मांस खाऊ लागले. तोवर उशीर झाला होता. एकाच छावणीत एका सवयीनं माणसं वाचवली आणि दुसरीनं आजारी पाडली. जुनं तेवढं सोनं असं म्हणणाऱ्यांनी कुत विसरू नये.

आता आमच्या तमिळ मुलखात या. बेरीबेरीचा शोध घेण्यासाठी 1918 मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरला, पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत, फौजी डॉक्टर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी काम सुरू केलं. मद्रास इलाख्यात हा रोग मुख्यतः उत्तरेच्या किनाऱ्यावर, आजच्या आंध्रात होता. तिथे गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खात. दक्षिणेत, तमिळ कष्टकऱ्यांच्या घरी, पुळुंगल अरिसी खात. हा म्हणजे आपल्या कोकणातला उकडा तांदूळ. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडला की कोंड्यातलं ब-1 दाण्याच्या आत मुरतं आणि सडतानाही बरंचसं टिकतं. इथेही पुन्हा तेच. कोणी पथ्य पाळत नव्हतं. स्वयंपाकघराची रीतच तशी होती.

मग ही रीत कुठे गेली? विसाव्या शतकात गावोगाव भाताच्या गिरण्या आल्या. त्याबद्दल नुसतं हळहळण्यात अर्थ नाही, कारण पहाटे उठून मुसळानं भात कांडण्याचं काम बायकांच्या वाट्याला होतं आणि गिरणीनं त्यांचे खांदे मोकळे केले. शिवाय कोंडा काढलेला तांदूळ जास्त टिकतो, लवकर शिजतो, आणि पांढरा भात प्रतिष्ठेचा ठरला. नाचणी, बाजरीची आंबील 'गरिबांचं खाणं' म्हणून मागे पडली. आज बाजारातला उकडा तांदूळही बहुधा चांगला पॉलिश केलेला असतो. कोणीही एका दिवशी निर्णय घेतला नाही. दुकानात जे आलं ते डब्यात गेलं, डब्यातलं ताटात आलं.

त्याचा हिशोब चेन्नईतल्या संशोधकांनी मांडून ठेवला आहे. डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार या शहरातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण 1989 मध्ये 8.3 टक्के होतं, ते 2003-04 मध्ये 14.3 टक्के झालं. याला बैठं काम, ताणतणाव अशी बरीच कारणं आहेत. पण त्यांनाच असंही दिसलं की इथल्या माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी जवळपास निम्मे सडलेल्या धान्यातून, मुख्यतः पांढऱ्या तांदळातून येतात. कुन्नूरच्या त्या खोलीतून वाढलेली संस्था म्हणजे आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. तिची 2024 ची शिफारस सांगते की सगळी तृणधान्यं मिळून 45 टक्क्यांहून जास्त उष्मांक नसावेत.

मग भात सोडायचा का? नाही. सोडला की पुन्हा स्वारी सुरू झाली. चेन्नईतच एक साधा प्रयोग झाला. वजन जास्त असलेल्या लोकांना कमी-जास्त सडलेले तांदूळ शिजवून चाखायला दिले. सुरुवातीला पसंती पांढऱ्यालाच होती. पण चाखून आणि माहिती ऐकून झाल्यावर बहुतेक जण बिनसडीचा किंवा अगदी कमी सडलेला तांदूळ खायला तयार झाले. यातलं 'कमी सडलेला' हे मला महत्त्वाचं वाटतं. एकदम टोकाला जायची गरज नाही.

आपल्या लोकांना हा विचार नवा नाही. तंजावरच्या एकोजीराजांच्या राणी दीपाबाईंच्या आश्रयानं रघुनाथ नवहस्त या महाराष्ट्रीय पंडितानं सतराव्या शतकात 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात धान्यं, भाज्या, शिजवलेले पदार्थ यांचे गुणदोष एकेक करून सांगितले आहेत. महाराष्ट्राचा माणूस तमिळ देशात बसून रोजच्या जेवणाचा विचार करतो आहे. आपल्यासारख्या परमुलखातल्या मराठी घरांनी हे ध्यानात ठेवावं.

तर ठाणं कुठे बसवायचं? वाण्याच्या यादीत. निर्धार ताटावर बसल्यावर करायचा म्हटला तर तो दिवसातून तीनदा करावा लागतो. यादीत केला तर महिन्यातून एकदा. या महिन्यात तांदळाच्या पोत्यात निम्मा हातसडीचा आणा, तो जरा जास्त वेळ भिजवा. पुढच्या महिन्यात आठवड्यातून दोन दिवस नाचणीची भाकरी किंवा आंबील. त्यानंतर ताटात आधी पालेभाजी आणि उसळ वाढा, भात शेवटी. एक बदल घरच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत दुसरा सुरू करू नका. आणि घरातल्या एकट्या माणसासाठी वेगळं शिजवू नका. वेगळं ताट म्हणजे पथ्य, आणि पथ्य एक दिवस सुटतं. ज्यांना मधुमेह आहे, औषधं चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

वर्षभरानं काटा कदाचित दोन-तीन किलोच खाली आलेला असेल. हरकत नाही. तो परत वर गेला नाही, तर मुलूख राखला असं समजा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.