मॅरेथॉनची वाट आणि परळचे रुग्णालय

आपला जोडीदार कर्करोगातून सावरत असता त्याच्यासाठी लांब पल्ल्याची शर्यत धावावी आणि त्या निमित्ताने जमलेला पैसा अनोळखी रुग्णांच्या उपचारासाठी द्यावा, ही चाल आज मोठ्या शहरांतून रूढ झाली आहे. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाने कर्करोगामुळे एक पाय गमावल्यावर १९८० साली कृत्रिम पायाच्या आधाराने १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर तोडले. त्या धावेने या प्रथेला जगभर बळ आले. तथापि मॅरेथॉन आणि कर्करोगाशी झुंज यांची गाठ आपल्या देशात त्यापूर्वी सुमारे अर्धशतक एका घरात पडली होती. ते घर सर दोराबजी टाटा आणि लेडी मेहेरबाई यांचे.

दोराबजी हे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. १९१९ साली तेथील क्रीडास्पर्धांत त्यांनी लांब पल्ल्याचे धावपटू पाहिले. ही शेतकरी कुटुंबांतली माणसे. पायांत जोडा नाही, पद्धतशीर शिक्षण नाही. परंतु त्यांची वेळ युरोपातील धावपटूंशी ताडून पाहण्याजोगी होती. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी सहा जणांचे पथक धाडण्यात दोराबजींनी पुढाकार घेतला आणि खर्चाचा मोठा भारही उचलला. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला.

मेहेरबाईही खेळाडूच. त्या साडी नेसून टेनिस खेळत आणि साठांहून अधिक पारितोषिके त्यांनी जिंकली होती. १९२४ साली टाटांचा पोलाद कारखाना अडचणीत सापडला, तेव्हा त्यांचा ज्युबिली हिरा तारण पडला आणि कारखाना तरला. पुढे मेहेरबाईंना रक्ताच्या कर्करोगाने गाठले, तेव्हा मात्र संपत्तीचा काही इलाज चालला नाही. कारण त्या काळी या रोगावर औषधच नव्हते. १८ जून १९३१ रोजी वेल्समध्ये त्यांचे निधन झाले.

दोराबजींनी हे दुःख आपल्यापुरते ठेवले नाही. १९३२ साली पत्नीच्या नावे निधी स्थापून त्यांनी रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाची सोय केली; आपली संपत्तीही लोककार्यासाठी विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केली. वियोगाचे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ३ जून १९३२ रोजी, तेही गेले. त्यांच्या मागे विश्वस्तांनी उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले. १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे आले. त्या विभागाचे प्रमुख डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंच्या भावाचे चिरंजीव, हा योगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मुंबई व जबलपूर ही शहरे १८७० साली लोहमार्गाने जोडली गेली. त्या मार्गाने जबलपूरच्या ओमतीतील एखाद्या साध्या मराठी घरातला रुग्णही परळच्या दाराशी येऊ शकतो. त्याला मेहेरबाईंचे नाव ठाऊक नसेल. पण त्यांच्यासाठी जे होऊ शकले नाही, ते त्याच्यासाठी होण्याची आशा तेथे असते.

या कथेला दुसरी बाजूही आहे. २०१३ च्या सुमारास बारामतीला लता करे ही साठी उलटलेली कष्टकरी स्त्री नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि ज्येष्ठांच्या शर्यतीत पहिली आली. आजारी पतीच्या तपासणीला पैसा हवा होता, म्हणून ती धावली. तिच्या जीवनावर २०२० साली चित्रपट आला आणि त्यात तिने स्वतःच काम केले. आपण तिचे कौतुक केले, ते योग्यच. पण पतीच्या तपासणीसाठी पत्नीला शर्यत जिंकावी लागावी, ही समाजाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट नव्हे.

२००४ साली मुंबईत सुरू झालेल्या मॅरेथॉनमध्ये हजारो लोक कोणा ना कोणा संस्थेसाठी निधी जमवीत धावतात. जोडीदार बरा झाल्याच्या आनंदात धावणाऱ्याने जमविलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या एखाद्या लताबाईंची धाव वाचवू शकतो. दानासाठी धावण्याचे खरे मोल त्यातच आहे.