दोन कात्र्या

सन १९४३ ते १९४६ ह्या काळांत सातारा जिल्ह्यांतील कित्येक गांवांत इंग्रजांचें राज्य नांवापुरतेंच उरलें होतें. क्रांतिसिंह नाना पाटलांचें प्रतिसरकार तेथें न्यायनिवाडे करीत होतें. त्याचें कुंडल हें केंद्र आज सांगली जिल्ह्यांत मोडतें. पण तो जिल्हा तेव्हां निर्माणच झाला नव्हता. १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा निघाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. ह्या भूमिगत चळवळीस दिशा देणाऱ्यांत अच्युतराव पटवर्धन हे एक होते. १९५० सालीं त्यांनीं राजकारण सोडलें. त्याच वर्षीं त्यांच्या बंधूंच्या घरीं, मुंबईस, आनंद पटवर्धन यांचा जन्म झाला. ह्या पुतण्यानें पुढें कॅमेरा हातीं घेतला.

अनुबोधपट म्हटला कीं एका पिढीच्या डोळ्यांपुढें मुख्य खेळाआधीं दाखविलीं जाणारीं सरकारी रिळें उभीं राहतात. १९४८ सालीं निघालेल्या फिल्म्स डिव्हिजननें धरणें, कारखाने आणि समारंभ ह्यांचीं असलीं रिळें मुबलक काढलीं. प्रेक्षक बहुधा तेवढ्या वेळांत शेंगा फोडीत बसत. पटवर्धनांची वाट अगदीं वेगळी. निर्माते तेच आणि संकलकहि तेच. अशा पटाला आधीं लिहिलेली कथा नसते. घडतें तें टिपावयाचें, आणि तासन् तास जमलेल्या चित्रणांतून गोष्ट पुढें संकलनाच्या टेबलावर उभी करावयाची. काय ठेवावें आणि काय कापावें हा निवाडा ज्याच्या हातीं, पट त्याचा. पैसा दुसऱ्याचा असला कीं कात्रीहि हळूहळू त्याचीच होते.

१९७४ सालीं बिहारांतील जयप्रकाशांच्या आंदोलनाचें बरेंचसें चित्रण त्यांनीं लहानशा सुपर एट कॅमेऱ्यानें केलें. तें पडद्यावर पाडून सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानें पुन्हां टिपावें लागलें. 'क्रांति की तरंगें' हा तो पट. लौकरच आणीबाणी आली. तेव्हां प्रतीचे तुकडे करून ते देशाबाहेर धाडण्यांत आले व तेथें पुन्हां जोडण्यांत आले. आपलें काम वांचविण्यासाठीं तेंच कापण्याची पाळी संकलकावर क्वचितच येत असेल.

दुसरी कात्री सरकारची. अणुस्फोटानंतरच्या युद्धज्वरावरील 'जंग और अमन' ह्या २००२ च्या पटास परिनिरीक्षण मंडळानें २१ ठिकाणीं काट सुचविली. पटवर्धनांनीं एकहि मानली नाहीं, आणि २००३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें पट जसाच्या तसा मोकळा केला. १९९५ सालीं पुरा झालेला दुसरा एक पट दूरदर्शननें दाखवावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळण्यास २००६ साल उजाडलें. त्यांचे पट एकांगी असतात असा आक्षेप घेण्यांत येतो. ते तटस्थ नाहींत हें खरेंच. पण आपली बाजू ते लपवीतहि नाहींत, आणि विरोधकांचें बोलणें पडद्यावर पुरतें ऐकूं येतें.

धीर हा संकलकाचा मोठा गुण. १९९७ च्या जुलैंत मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरांत पोलिसांच्या गोळीबारांत दहा माणसें मेलीं, आणि त्या दुःखानें शाहीर विलास घोगरे यांनीं गळफास घेतला. 'हमारा शहर' ह्या आधींच्या पटांत घोगरे गायले होते. त्या मृत्यूपासून सुरू झालेला 'जयभीम कॉम्रेड' पुरा होण्यास चौदा वर्षें लागलीं.

'विवेक' (२०१८) ह्या पटानें त्यांना चुलत्यांच्या कार्यक्षेत्राशीं पुन्हां जोडलें. डॉ. नरेंद्र दाभोलकर जन्मानें सातारचे. शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयांत आणि पुढें मिरजेस. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं फिरावयास गेले असतां पुण्यांत त्यांचा खून झाला; २०१५ सालीं कोल्हापुरांत गोविंदराव पानसरे गोळ्यांना बळी पडले. हे दोन खून ह्या पटाच्या केंद्रस्थानीं आहेत. ॲमस्टरडॅमच्या महोत्सवांत त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळालें. पण २०१९ सालीं केरळांतील महोत्सवांत तो दाखविण्यास केंद्र सरकारनें परवानगी नाकारली, आणि तेथील उच्च न्यायालयाकडून ती मिळवावी लागली.

२०२३ सालीं 'वसुधैव कुटुंबकम्' हा त्यांचा पट आला. आईवडील उतारवयांत असतां सहज म्हणून केलेलें घरगुती चित्रण त्यांत आहे, आणि स्वातंत्र्यलढ्यांत उतरलेल्या चुलत्यांच्या आठवणीहि आहेत.