नीलमोहराचं शहर : प्रिटोरिया आणि एक परदेशी झाड

मंडळी, आज एका शहराचा आणि एका झाडाचा इतिहास बघू. पण आधी ते झाड नीट ओळखायला हवं, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्या फळात आहे.

जॅकरंडा म्हणजे आपला नीलमोहर. नावावरून वाटतं, हा गुलमोहराचा भाऊ असणार. पानंही तशीच, पिसासारखी. १८२२ मध्ये डेव्हिड डॉन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला 'मिमोसिफोलिया' म्हटलं, म्हणजे लाजाळूसारख्या पानांचा. पण नातं तेवढ्यावरच संपतं. गुलमोहराची पानं फांदीवर एकाआड एक असतात, याची समोरासमोर. गुलमोहराच्या पाकळ्या सुट्या असतात, याचं फूल म्हणजे एक निळी-जांभळी नळी. गुलमोहराला लांब शेंग येते. याला चपटं, गोलसर, लाकडी फळ, जे वाळलं की डबीसारखं उघडतं. याचं कूळ टेटूचं. आपल्या रानातली मेडशिंगी आणि पाडळ हे त्याचे खरे भाऊबंद.

त्या डबीत काय असतं? कागदासारखे पातळ पंख असलेल्या बिया. वाऱ्यावर सहज उडतात, आणि ऊन-ओल मिळाली की दोन-तीन आठवड्यांत रुजतात. कोवळ्या रोपाला कडक थंडी सोसत नाही, एवढंच काय ते जपायचं.

आता प्रिटोरियाकडे वळू. दक्षिण आफ्रिकेतलं हे शहर तेव्हा बोअर प्रजासत्ताकाची राजधानी होतं. १८८८ मध्ये सेलियर्स नावाच्या गृहस्थांनी सनीसाइड भागातल्या आपल्या बागेत जॅकरंडाची दोन झाडं लावली. पुढे बोअर युद्ध झालं, इंग्रजांची सत्ता आली. १९०६ मध्ये जेम्स क्लार्क या रोपवाटिकावाल्याने शहराला २०० रोपं दिली आणि ती कॉख रस्त्यावर लागली. मग रस्त्यामागून रस्ते जांभळे झाले. तिथला वसंत ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, म्हणजे परीक्षांचा काळ. डोक्यावर फूल पडलं की पास, असं विद्यार्थी मानू लागले. प्रिटोरियाचं नावच 'जॅकरंडा सिटी' पडलं.

पण बी काही नगरपालिकेची हद्द बघत नाही. ते उडून ओढ्यानाल्यांच्या काठी, माळांवर रुजलं आणि तिथल्या मूळ वनस्पतींची जागा घेऊ लागलं. २००१ च्या नियमांत जॅकरंडाची गणना आक्रमक परदेशी वनस्पतींमध्ये झाली. अर्थ काय? जुनी झाडं राहू द्या, नवी लावू नका. म्हणजे ज्या झाडाने शहराला नाव दिलं, ते म्हातारं होऊन पडलं तर त्या जागी दुसरं लावता येईना! साहजिकच वाद झाले, आणि पुढच्या नियमांत शहरी भागाला सवलत मिळाली.

दुसरी बाजूही बघा. याचं मूळ घर वायव्य अर्जेंटिना आणि दक्षिण बोलिव्हिया. तिथे जंगलं शेतीसाठी तुटली, आणि रानातला जॅकरंडा आज 'असुरक्षित' प्रजातींच्या यादीत आहे. माहेरी जागा उरली नाही, आणि सासरी म्हणतात की फारच पसरलास!

यात झाडाचा दोष नाही. निवड माणसाची होती, आणि ती फूल बघून झाली. रस्त्यासाठी झाड निवडताना बी कुठवर जाईल, हेही विचारायला हवं. १९०६ मध्ये कुणी विचारलं नाही. आज आपल्या शहरांत झाडं लावताना आपण तरी विचारतो का?