पेशीच्या दारातील सांगावा

मनुष्याचा देह एका पेशीपासून घडत जातो. ही वाढ केव्हा सुरू करावी आणि केव्हा थांबवावी, हे पेशीला कोण सांगते? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास इटलीतील तुरिन शहरी, एका निजण्याच्या खोलीत सुरू होतो.

१९३८ साली मुसोलिनीच्या वंशविषयक कायद्यांनी ज्यू विद्वानांना विद्यापीठांची दारे बंद झाली. तेव्हा रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या तरुण डॉक्टरबाईंनी घरातच प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांचा अभ्यास चालविला. युद्धानंतर अमेरिकेत सेंट लुईस येथे व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे हे काम पुढे गेले. उंदराच्या एका अर्बुदातून पाझरणाऱ्या द्रव्याने गर्भातील मज्जातंतू झपाट्याने वाढतात, असे त्यांना आढळले.

ते द्रव्य कोणते, हे शोधण्याचे काम स्टॅन्ले कोहेन या रसायनवेत्त्याने पत्करले. अर्कातील न्यूक्लीइक आम्ले नष्ट करावीत म्हणून त्यांनी त्यात सर्पविष घातले. तो मज्जातंतूंची वाढ अनेक पटींनी बळावली! तेच द्रव्य विषात विपुल होते. मग विषग्रंथीशी नाते सांगणाऱ्या उंदराच्या लाळग्रंथीतही ते सापडले. त्याच ग्रंथीचा अर्क टोचलेल्या नवजात उंदरांचे डोळे मात्र वेळेपूर्वीच उघडले. हा प्रभाव दुसऱ्याच द्रव्याचा होता. १९६२ साली कोहेन यांनी हे त्वचावर्धक द्रव्य वेगळे केले. १९८६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

परंतु सांगावा पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचतो कसा? वर्धक द्रव्य पेशीच्या आवरणावरील ग्राहक-प्रथिनाला बिलगते. मानवी कर्कपेशींच्या आवरणांवर प्रयोग करून कोहेन यांनी १९८० साली दाखविले की, जागा झालेला ग्राहक टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेटची खूण उमटवितो. ती खूण ओळखून पुढील प्रथिने एकमेकांस निरोप देतात आणि तो केंद्रकात पोचतो. रास, राफ इत्यादी प्रथिनांची ही साखळी १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सलग जुळली.

१९८४ साली एक गोष्ट उघड झाली. कोंबड्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचे जनुक म्हणजे या ग्राहकाच्या जनुकाचीच तोडकी प्रत होती. सांगावा घेणारा बाहेरील भाग तिच्यात नव्हता. म्हणून निरोप कोणी न धाडताही आज्ञा अखंड चालूच राहत असे. याच ग्राहकाच्या एका भावंडाला अडविणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. ज्यांच्या स्तनाच्या कर्करोगात तो ग्राहक अतोनात वाढलेला असतो, अशा रुग्णांना त्याने आधार दिला.

तथापि एक वाट अडविली की कर्कपेशी पुष्कळदा आडवाट शोधते आणि औषध निष्फळ ठरते. म्हणूनच या वाटांचा नकाशा काढण्याचे काम अद्याप संपलेले नाही. गर्भातील मज्जातंतू कसे वाढतात, एवढेच पाहावयास बसलेल्या संशोधकांच्या कुतूहलातून ही वाट निघाली, हे विसरून चालणार नाही.