सेन्सरवरची धूळ आणि एक अनुस्वार

मोडी कागदांच्या फोटोंवरून काम सुरू करणार असाल तर एक प्रश्न आधी सोडवून घ्या: दिसतोय तो ठिपका कागदावरचा, की कॅमेऱ्यातला? ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ यांत फरक एका टिंबाचा. गोष्ट एकाची की अनेकांची, की एकाच माणसाला दिलेला मान, हे त्या टिंबावर ठरतं. आता साधा हिशेब करू. ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर ३६ सेंमी रुंदीचा कागद मावला, तर सेन्सरवरची ०.१ मिमीची सावली कागदावर १ मिमीची दिसते. बोरूने दिलेला अनुस्वार साधारण केवढा असतो, ते आठवून बघा.

म्हणून या धुळीचा इतिहास माहीत असलेला बरा.

फिल्मच्या काळात ही अडचण या रूपात नव्हती. एका चौकटीवर कण बसला तर बहुधा तो फिल्मबरोबर पुढे सरकायचा, पुढच्या फोटोला नवी कोरी जागा. (ओरखडे पडायचे, तो ताप वेगळा.) १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली, १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ३च्या सांगाड्यात सेन्सर बसवून डीसीएस कॅमेरा विकायला काढला, आणि चित्र उमटायची जागा कायमची एकच झाली. लेन्स बदलताना आत गेलेला कण आता शेकडो फोटोंत त्याच जागी दिसणार.

खरं तर कण सेन्सरवर नसतोच. सेन्सरच्या पुढे काचेचा फिल्टर असतो, त्यावर तो बसतो आणि सेन्सरवर त्याची सावली पडते. मधलं अंतर समजा २ मिमी धरलं, तर सावलीची कड पसरते ती या अंतराला एफ-आकड्याने भागून: एफ/२.८ला सुमारे ०.७ मिमी, एफ/१६ला ०.१२५ मिमी. म्हणजे छिद्र मोठं असताना कण जवळजवळ विरून जातो, लहान केलं की ठसठशीत उभा राहतो. कॅमेरा तोच, धूळ तीच, पण सकाळच्या फोटोंत डाग नाही आणि दुपारच्या फोटोंत आहे, असं होतं ते यामुळे.

उत्पादकांनी यावर दोन वाटा काढल्या. २००३ च्या ऑलिंपस ई-१ मध्ये फिल्टरलाच अतिवेगाने कंप देऊन कण झटकायची सोय आली, खाली पडलेली धूळ चिकटपट्टीवर अडकायची. २००६ मध्ये कॅननच्या ४००डीतही अशी झटकणी आली. शिवाय डागांचा नकाशा करून ते सॉफ्टवेअरने पुसायची सोयही होती. ही दुसरी वाट लग्नाच्या फोटोंना ठीक, आपल्याला घातक. सॉफ्टवेअर त्या जागी आजूबाजूचा रंग भरतं. तिथे खरोखरच शाई असेल तर तीही गेली. झटकणीने प्रश्न संपला असंही नाही. २०१२ च्या निकॉन डी६००मध्ये डागांच्या तक्रारी इतक्या आल्या, की कंपनीने पुढे शटर मोफत बदलून दिलं.

मला सगळ्यात आवडलेलं वळण मात्र २००८ चं. दिरिक, सेन्जार आणि मेमन या संशोधकांनी दाखवलं, की धुळीच्या डागांच्या मांडणीवरून फोटो कोणत्या कॅमेऱ्यातून आला ते ओळखता येतं. ज्याला सगळे पुसत बसले होते, तोच पुरावा! इतिहासवाल्यांना हे नवं वाटू नये; कागदाच्या कसरीवरून आणि पाण्याच्या डागांवरून आपण तेच करतो.

तर ओळखायचं कसं? संशयित टिंबाची फोटोतली जागा नोंदवा, मग त्याच बैठकीतले मागचे-पुढचे चार फोटो उघडून नेमकी तीच जागा बघा. वेगवेगळ्या पानांवर टिंब तिथेच असेल तर ते कॅमेऱ्याचं. मात्र हे मूळ फोटोंवरच जमतं. कडा कापून, सरळ करून बनवलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक पानाची चौकट हललेली असते, म्हणून संस्थेकडे मूळ फाइली मागा, लाजू नका.

स्वतः फोटो काढणार असाल तर आदल्या दिवशी एफ/१६वर कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो घ्या. कागद जवळ, फोकस अनंतावर, म्हणजे कागदाचा पोत मधे येत नाही. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. फोटोत वर डावीकडे दिसणारा कण, लेन्स काढून समोरून पाहिलं तर खाली डावीकडे असतो. बॅटरी पूर्ण भरा, सफाईचा पर्याय निवडून आरसा वर करा, तोंड खाली धरा आणि रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. डब्यातली दाबलेली हवाही नको, तिच्यातलं रसायन काचेवर बसतं. एवढ्याने न निघालेला चिकट कण असेल तर सेन्सरच्या मापाची ओली पट्टी, किंवा सरळ जाणकाराकडे.

नंतर पुन्हा एकदा पांढऱ्या कागदाचा फोटो काढा आणि तारीख घालून त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये पहिला ठेवा. संध्याकाळी, काम संपल्यावर, आणखी एक.