सरळ केलेली लय : क्वांटाइझच्या बटणाची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेलं "म्हणजे, म्हणजे" तेवढं काढलंय.

विषय निघाला आजोबांच्या एका फाइलवरून. ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे. शेवटी भाता मारायला हात उचलेना, म्हणून मी माझा कीबोर्ड दिला. एका दुपारी तो लॅपटॉपला जोडला आणि अकरा मिनिटांचं वादन नोंदलं गेलं. आवाज नाही हं, मिडी डेटा. कोणती पट्टी, कधी, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच. वर्षश्राद्धाला ते ऐकवायचं ठरलं आणि मी फाइल "साफ" करायला बसलो. सगळं सिलेक्ट, क्वांटाइझ, शंभर टक्के. अर्ध्या सेकंदात आजोबा गायब. राहिली ती मोबाइलची रिंगटोन.

हे बटण आलं कुठून? 1980 साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-1 हे ड्रम मशीन आणलं. त्यात वाजवलेला ठोका जवळच्या सोळाव्या भागावर आपोआप सरकायचा. पण गंमत बघा, सगळं सरळ झालं की कंटाळवाणं वाटतं हे लिन यांनाही कळलं होतं. त्याच मशीनमध्ये त्यांनी स्विंगची सोय दिली : दर दुसरा सोळावा भाग थोडा उशिरा. 50 टक्के म्हणजे सपाट, 66च्या आसपास झुलता ठेका. सरळ करायचं यंत्र आणि वाकडं करायचं यंत्र एकाच डब्यात!

मिडी त्यानंतरचं. 1981 मध्ये डेव्ह स्मिथ यांनी सगळ्या कंपन्यांसाठी एकच जोडणी असावी असा प्रस्ताव मांडला, रोलंडचे इकुतारो काकेहाशी त्या प्रयत्नात होतेच, आणि जानेवारी 1983 मध्ये अ‍ॅनाहाइमच्या नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-600 आणि ज्युपिटर-6 एकमेकांशी बोलले. वेग सेकंदाला 31,250 बिट. पट्टीचा जोर 1 ते 127 या आकड्यांत. 1985 च्या अटारी एसटी कॉम्प्युटरला मिडीचे सॉकेट होतेच. 1989 मध्ये त्यावर क्यूबेस आलं आणि माउसनं स्वर उचलून हलवणं घराघरातल्या स्टुडिओत पोचलं. त्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्याला आजही पियानो रोल म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वीच्या स्वयंचलित पियानोचा छिद्रं पाडलेला कागद, त्याचं हे नाव. तेव्हाही माणसं बसून चुकीची छिद्रं बुजवायची. आमचाच धंदा, फक्त डिंक वेगळा.

माझी पहिली चूक तांत्रिक होती. आजोबांनी मेट्रोनोमशिवाय वाजवलेलं, आणि सॉफ्टवेअर आपल्या 120 च्या टेम्पोची जाळी त्यावर टाकून बसलेलं. माणसाची मात्रा आणि मशीनची मात्रा जुळतच नव्हती, त्यामुळे स्वर भलत्याच रेघेला चिकटले. आधी त्यांच्या टाळ्या मोजत टेम्पो मॅप बनवायला हवा होता.

दुसरी चूक जास्त लागली. जोर 15 च्या खालचे सगळे स्वर मी कचरा समजून उडवले होते. म्हातारी बोटं, लागली असेल शेजारची पट्टी, असं वाटलं. मूळ फाइल ईमेलमध्ये सापडली म्हणून वाचलो. ती हळू ऐकली, तर त्यातले बरेचसे कणस्वर निघाले. मुख्य स्वराला चाटून जाणारे, दर वेळी त्याच जागी. खऱ्या चुका निघाल्या दोन. त्या तेवढ्या काढल्या, क्वांटाइझ शून्यावर.

सातव्या मिनिटाला चार मात्रांची रिकामी जागा आहे. तिथे त्यांना खोकला आला होता. मिडीत खोकला नोंदला जात नाही, नुसती पोकळी दिसते. ती मी तशीच ठेवली. वर्षश्राद्धाला ती जागा आली तेव्हा आई सवयीनं पाण्याचा तांब्या आणायला उठली.